इको आधी आला

देवाशप्पथ खरं सांगते. देवाची शप्पथ पुरत नसेल तर शिवनाथ नदीचं पाणी हातात घेते, पोराच्या डोक्यावर हात ठेवते, अन् तेही पुरत नसेल तर माही उरलेली दाढ उपटून तुमच्या तळहातावर ठेवते. पण ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे! मले माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. नेहरू नगरात मी थापा मारण्यात मशहूर आहे. मैत्री बागेतल्या पांढऱ्या वाघानं पिंजऱ्यातून पंजा काढून माह्या हातची जिलबी घेतली अन् मान हलवून थँक्यू म्हटलं, हे मीच सांगितलं होतं. जामुलकडची सिमेंटची धूळ अंगावर घेऊन एक माणूस पावसात भिजला अन् उभ्या उभ्या थिजला, त्याले छिन्नीनं काढावं लागलं, तेही माहंच. ते सगळं खोटं. मजेसाठी. हे सांगताना मले मजा येऊन राहिली नाही.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. भिलाईचा मे म्हणजे दुपारी गेटची कडी उघडाले हातात फडकं घ्यावं लागते. आमचं घर हायवेपासून थोडं अंदर, पण ट्रकचे हॉर्न दिवसभर घरात येऊन बसतात, पाहुण्यासारखे. माहा पोरगा समीर स्टील प्लांटमध्ये, तो संध्याकाळशिवाय दिसत नाही. सून प्राची दुपारी कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवाले जाते. मांगं उरतो आम्ही दोघी. मी अन् माही नात उर्वी.

उर्वी आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाले. काडीसारखी उंच, केस पोरासारखे कापलेले, बोटांना गिटारच्या तारांचे घट्टे. मराठी तिची घरापुरती. वाक्य मराठीत सुरू करते अन् हिंदीत नेऊन सोडते, जशी चप्पल एका खोलीत काढते अन् दुसऱ्या खोलीत शोधते.

त्या महिन्यात तिनं एक डबा बनवाले घेतला होता. गिटार वाजवणारे पायाखाली ठेवतात तो. गिटारची वायर एका बाजूनं अंदर जाते, दुसऱ्या बाजूनं निघून स्पीकरले जाते, अन् मधात त्या आवाजाचं काहीतरी होते. हिचा डबा इकोचा होता. एकदा तार छेडली की टन्न, अन् मंग मांगून टन्न, टन्न, टन्न, बारीक होत होत विरून जाते. विहिरीत हाक मारल्यासारखं. दुकानात तयार भेटते, पण हिले स्वतःच्या हातचा पाहिजे. ह्या बाबतीत माह्यावर गेली आहे. सुपेल्याच्या बाजारात कबाडीपाशी देवीच्या जागरणवाल्या पार्टीचं एक फुटकं इको मशीन भेटलं, त्यातली आयसी, म्हणजे इको करणारी चिप, तिनं काढली. बाकी सामान पावर हाऊसच्या बाजारातून नवं आणलं. आयसी बोर्डावरच्या सॉकेटात दाबून बसवली, बाकी सगळं टाके मारून बसवलं अन् अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या टिफिनात भरलं. बॅटरी लावली. गिटार लावली.

काहीच नाही. स्पीकर मुका.

मी वाळवणाचे पापड उलटून खोलीत आली तर पोट्टी फरशीवर तोंड पाडून बसलेली.

"कावून वो, काय झालं?"

"आजी, बन गया, पर आवाज ही नहीं है. सर्किट एकदम बरोबर आहे. कितनी बार चेक किया."

"सर्किट बरोबर असतं तर बोललं असतं. सर्किट नाही, तुही अकड बरोबर आहे."

"तू रहने दे ना आजी. हे तुह्या जमान्याचं रेडिओ नाही."

असं म्हणाली! मले! आमचे हे प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये होते. घरी रेडिओच्या किट आणायचे, पण ह्यांचा हात जड, एक टाका माराले जायचे अन् दोन जाळून यायचे. मंग टाके मी मारायची अन् लोकांपुढे हे म्हणायचे, मी बनवला. प्लांटच्या क्वार्टरांच्या सेक्टरमधले कितीक रेडिओ माह्या टाक्यांवर बोलले. मी चष्मा लावला, पदर खोचला, अन् तिच्या हातून सोल्डरिंग आयरन काढून घेतलं.

आमची रीत ठरलेली होती. पहिले नाक, मंग डोळा, मंग काडी, मंग कान. मीटर शेवटी. नाकानं जळका वास पाहायचा. डोळ्यानं टाका पाहायचा, चकचकीत असला तर चांगला, राखेसारखा मळका दिसला तर ड्राय सोल्डर, वरून चिकटलेला अन् अंदरून सुटलेला. जळलेल्या उदबत्तीच्या काडीनं एकेक पार्ट हळूच दाबायचा, कुठं खरखर होते ते आयकायचं. अन् कान म्हणजे एक वायर, स्पीकरले जोडलेली. तिचं टोक बोर्डावर एकेका ठिकाणी टेकवत जायचं. जिथंपर्यंत गिटार आयकू येते तिथंपर्यंत रस्ता चालू, जिथं गप्प झाली तिथं रस्ता तुटला. चोर पकडण्यासारखं आहे. घराघरात विचारत जायचं, इथून गेला का, इथून गेला का.

चोर शेवटच्या टाक्यात निघाला. मी तो वितळवला, नवा मारला, अन् म्हटलं, "हाण."

तिनं तार छेडली. टन्न, टन्न, टन्न, टन्न... खोली भरून गेली. पोट्टीनं मले उचलून गोल फिरवलं. "आजी, तू रॉकस्टार आहे यार!" मी म्हटलं, "खाली ठेव, कंबर माही आहे, भाड्याची नाही."

इथपर्यंत सगळं चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मले हाक मारली. आवाज वेगळाच.

"आजी, ये आगे चल रहा है."

"कोण पुढं चालून राहिलं?"

"इको."

त्या डब्याले एक नॉब होता. उजवीकडे फिरवला की इको उशिरा येते, डावीकडे फिरवला की लवकर. पूर्ण डावीकडे नेला की आवाज अन् इको एकमेकाले चिकटतात. त्याच्या पुढं काही नसते. नॉबही तिथं अडते. हा अडला नाही. हिनं जोर न लावता फिरवला तर अजून डावीकडे गेला.

"पाह्य," ती म्हणाली. तिनं बोट तारेवर ठेवलं, छेडली नाही.

स्पीकरमधून टन्न आलं.

मंग तिनं छेडली. टन्न.

मले वाटलं, पोरगी माह्यावर माहाच डाव टाकून राहिली. "चोराच्या घरी चोरी करते का वो? आण इकडे." गिटार मी मांडीवर घेतली. मले वाजवता येत नाही, पण तार ओढता येते. मनात ठरवलं, जाडी तार ओढीन. स्पीकरमधून बारीक तारेचा आवाज आला. मी हसली, म्हटलं, फसला! मंग माहं बोट जाड्या तारेवरून घसरलं अन् बारीक तारेले लागलं.

तोच आवाज. तसाच, जरा कच्चा.

मी घाबरली नाही. खरं सांगते, तवा नाही घाबरली. मी म्हटलं, फॉल्ट आहे अन् फॉल्टले कारण असते. कूलर बंद केला, त्याच्या मोटारीचा काही संबंध असेल म्हणून. बॅटरी बदलली. एक एक कपॅसिटर काढून नवा मारला. घामानं चष्मा नाकावरून घसरून राहिला होता. मंग कानाची वायर घेतली अन् चोराच्या मागावर निघाली. आयसीच्या अलीकडे टेकवली तर आत्ताचा आवाज. आयसीच्या पलीकडे टेकवली तर थोड्या वेळानंतरचा. मधात ती काळी, झुरळाएवढी आयसी, अन् तिचे पाय.

"गिटार काढ," मी म्हटलं. "माईक लाव."

माईक लावला अन् दोघी गप्प बसलो. स्पीकरमधून कुकरची शिट्टी आली. उर्वीनं माह्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मंग स्वयंपाकघरातून कुकरनं शिट्टी दिली.

"आजी," ती म्हणाली, "किसी को बोलना मत."

"माह्यावर कोण विश्वास ठेवते?"

अन् आम्ही हसलो. मी कबूल करते, पहिले काही दिवस आम्हाले लई गंमत आली. दुपारी प्राची यायच्या आधी नॉब थोडा डावीकडे फिरवायचा. स्पीकरमधून तिचा आवाज यायचा, "इतक्या उकाड्यात कूलर कावून बंद आहे? दोघीही वेड्या आहात का?" मंग आम्ही सगळं बंद करून साळसूद बसायचो. प्राची यायची, पर्स ठेवायची अन् म्हणायची, "इतक्या उकाड्यात कूलर कावून बंद आहे? दोघीही वेड्या आहात का?" उर्वी तोंडात ओढणी कोंबायची. मी पोटावर हात धरून भिंतीकडे तोंड करायची. प्राची म्हणायची, ह्या घरात मले कोणी काही सांगत नाही.

मंग परातीचा दिवस आला.

त्या दिवशी स्पीकरमधून एकदम मोठा आवाज आला, भांडं पडल्याचा, घणघण घणघण करत गोल फिरून थांबल्याचा. मांगून उर्वीचं हसणं. भांडं मी लगेच ओळखलं. माह्या लग्नातली पितळी परात. तिच्या काठाले चीर आहे, पडली की फाटक्या गळ्यानं ओरडते. ती स्वयंपाकघरात वरच्या फळीवर असते. मले काय वाटलं कोणास ठाऊक, मी म्हटलं, आज पडू देत नाही. पाहू तरी हा डबा किती खरा आहे. मी उठली, परात फळीवरून काढली अन् खाली जमिनीवर ठेवली, भिंतीले टेकून. जमिनीवरचं भांडं कुठं पडणार?

उर्वी पाणी प्यायले स्वयंपाकघरात आली. भांडं तिथं कधी नसते, तिनं पाहिलं नाही. पाय लागला. परात घणघण घणघण करत गोल फिरून थांबली. अन् ती हसली.

तसंच हसणं. त्याच ठिकाणी श्वास घेऊन.

"आजी, परात यहाँ क्यों रखी?"

माहे हात गार पडले होते. बाहेर चव्वेचाळीस डिग्री असेल, अन् माहे हात गार. आवाज आला म्हणून मी परात खाली ठेवली. परात खाली ठेवली म्हणून आवाज आला. मी हे डोक्यात इकडून तिकडे फिरवत राहिली, अन् कुठूनही फिरवलं तरी मधात माहाच हात दिसत होता.

उर्वीले तिथं भीती नाही दिसली. तिले दिसला स्टेजवरचा पोग्राम. "सोच आजी, सगळे आधी आयकतील अन् मंग मी वाजवीन!" बॅटरी कमजोर झाली होती, म्हणून ती चौकातल्या दुकानात बॅटरी आणाले गेली. उन्हाचा दुपट्टा बांधला, फक्त डोळे उघडे ठेवले, अन् गेटची कडी ओढणीनं धरून उघडली. मी खिडकीतून तिची पाठ पाहिली.

मी एकटी होती. डबा चालू होता. माईक समोर.

मी नॉब कावून फिरवला? चुळबुळी स्वभाव, दुसरं काय. मले वाटलं, परातीच्या पलीकडे काय आहे ते पाहू. अजून डावीकडे फिरवला. अडेल असं वाटलं. अडला नाही. अजून फिरवला.

बराच वेळ काही आलं नाही. नुसती खोली. पण आमची खोली शांत कधी नसते, हायवे असते. स्पीकरमधल्या खोलीत हायवे नव्हता. एक ट्रक नाही, हॉर्न नाही. कुठंतरी नळ ठिबकून राहिला होता.

मंग चप्पल आयकू आली. घासत चालणारी. डावा पाय जास्त घासणारा.

माहा डावा पाय घासतो.

चप्पल थांबली. अन् माहा आवाज आला.

"उर्वी..."

माहाच. पण मी असा आवाज कधी काढला नाही. आमचे हे गेले तवाही नाही. घसा आतून सोलल्यासारखा. कितीतरी वेळ हाका मारून मारून झाल्यावर उरतो तसा.

"उर्वी. ओ दे ना वो बाई."

नळ ठिबकला.

"ओ दे. एकदा ओ दे."

कोणी ओ दिली नाही.

त्या हाकेत सगळ्यात वाईट काय होतं सांगू? ओ येणार नाही, हे त्या हाक मारणाऱ्या बाईले माहीत होतं.

मी बॅटरी ओढून काढली. आवाज थांबला नाही.

उदबत्तीची काडी आयसीच्या खाली घातली अन् उचकटली. आयसी उडून पलंगाखाली गेली. तिची जागा रिकामी. नुसती भोकं.

"उर्वी," त्या रिकाम्या भोकांमधून मी म्हणाली.

मी स्पीकरची वायरच भिंतीतून उपटली.

मंग हायवे परत आला. ट्रक, हॉर्न, शेजारचा टीव्ही, सगळं एकदम, जसं कोणी दार उघडलं. मी फरशीवर बसली होती अन् माहं तोंड माह्याच दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

गेट वाजलं.

"आजी! दरवाजा खोल, मी रोटीसारखी भाजली!"

मी दार उघडलं. घामानं निथळणारी, एका हातात बॅटरी, एका हातात बर्फाचा गोला, ओठ लाल झालेले. मी तिले इतकं घट्ट धरलं की गोला माह्या पाठीवर वितळला.

"आजी, रडून राहिली का तू?"

"कांदा चिरला."

"कांदा किधर है?"

संध्याकाळी तिनं पलंगाखालून आयसी काढली, परत बसवली, नवी बॅटरी लावली. मी दारात उभी होती, देव आठवत. टन्न. अन् मंग मांगून टन्न, टन्न, टन्न. साधा इको. शहाण्या लेकरासारखा मांगून येणारा. नॉब डावीकडे नेला तर अडला, जिथं अडायले पाहिजे तिथंच. किती फिरवला तरी पुढं गेला नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत गेला नाही. उर्वी हिरमुसली, महिनाभर खटपट केली, मंग विसरली. आता तिच्या बँडमध्ये तोच डबा वाजतो. लोक म्हणतात, छान इको आहे.

मी विसरली नाही. मी विचार करत राहिली. डबा फोडू का? पोरीले हायवेवर जाऊ देऊ नको का? गाडीची चाबी लपवू का? प्राचीले सांगू का? जे मनात आणलं त्याच्या खाली मले परात दिसली, भिंतीले टेकून ठेवलेली, माह्याच हातानं. काय केलं म्हणजे ते थांबेल अन् काय केलं म्हणजे तेच घडेल, हे मले कोण सांगणार? मंग एका दुपारी लक्षात आलं. त्या डब्यात पोरीचा आवाज नव्हताच. आवाज माहा होता. तिच्यावर माहा जोर नाही, ट्रकवर नाही, नळावर नाही. माह्या तोंडावर आहे. ती हाक मीच मारायची आहे, तर मी ती मारणारच नाही. कधीच नाही. ज्या तोंडातून नाव निघतच नाही, त्या तोंडातून तशी हाक निघेल कशी?

अन् हे मले नवं नव्हतं. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नव्हते. सेक्टरच्या हळदीकुंकवात बायका अडवायच्या तवा उखाण्यात एकदा, तेही तोंड फिरवून. बाकी सगळा संसार मी "आयकलं का" अन् "आमचे हे" वर काढला. राशन कार्डाच्या बाबूनं विचारलं तरी मी कार्डावर बोट ठेवायची. एक नाव जन्मभर गिळलं, दुसरं गिळाले काय जड आहे?

जड आहे. ते नाव मी रिवाजानं गिळलं होतं. हे भीतीनं गिळते.

मी तिले "वो पोरी" म्हणू लागली. "अगं", "इकडे पाह्य", "चोट्टे". पहिले कोणाच्या लक्षात आलं नाही. मंग प्राचीच्या आलं. केमिस्ट्रीवाली आहे, प्रयोग करते. म्हणाली, "आई, फोन कोणाचा आला होता?" मी म्हटलं, "तुह्या पोरीचा." "कोणत्या?" "तुले किती आहेत?" तिनं समीरले सांगितलं, आईले विसरायले होऊन राहिलं. दोघांनी मले डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं घड्याळाचं चित्र काढाले लावलं, शंभरातून सात सात वजा कराले लावलं, मी फाडफाड केलं. मंग म्हणाला, "नातीचं नाव काय, आजी?"

उर्वी समोरच्या खुर्चीवर बसली होती. तिनं पुढं वाकून माह्या तोंडाकडे पाहिलं, लेकरं जादूगाराच्या हाताकडे पाहतात तसं.

मी म्हटलं, "चांगलं नाव आहे."

डॉक्टरनं काहीतरी लिहिलं. समीरनं खिडकीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर ती माह्या पलंगावर येऊन बसली. कितीतरी वेळ माह्या बांगड्या फिरवत राहिली. "आजी, मेरा नाम भूल गई ना तू? सच बोल. मी रागावणार नाही." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "एक बार बोल ना. एकदा. धीरे से बोल." माह्या जिभेवर होतं ते. तिच्या बारशात पाळण्यावर वाकून तिच्या कानात मीच म्हटलेलं. मी दात आवळले. तिले वाटलं मले आठवत नाही, म्हणून ती रडली, अन् मंग मले बरं वाटावं म्हणून हसली. मी तशीच बसली. विसरलेली म्हातारी. तिचं रडणं मले चालते, ती आहे तोपर्यंत.

असं वर्ष होत आलं. मले वाटलं, मी जिंकली.

मागच्या आठवड्यात ती बाथरूममधून केस पुसत धावत आली. "हाव आजी, आली. काय झालं?"

"काही नाही. कावून?"

"तू आवाज दिला ना."

"नाही दिला."

"दिला ना. मेरा नाम लेके." अन् तिचा चेहरा इतका खुलला होता की मले पाहवलं नाही. "आजी, तुले नाव आठवलं!"

परवा तीच हाक आयकून ती गच्चीवरून उतरली, कानात गाणं लावलेलं असताना. काल कॉलेजातून फोन केला, क्लास सोडून. विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, सगळं ठीक आहे, मी तोंडात सुपारी धरून बसली आहे, बोलली कुठं.

मंग म्हणाली, "तू रडत रडत कावून बोलावते आजी? अन् मी ओ देऊन राहिली, जोर जोर से देऊन राहिली, तर तू आयकतच नाही."

आता एक गोष्ट सांगून टाकते, कारण शप्पथ मोठी घेतली होती. बाकी सगळं खरं आहे, परात खरी, आयसी खरी, हाक खरी. एक खोटं आहे. तिचं नाव उर्वी नाही. गोष्ट लिहायची तर पोरीले काहीतरी म्हणावं लागते, म्हणून शेजारच्या गल्लीतल्या पाटीवरून उचललं. खरं नाव मी इथं लिहिलं नाही अन् लिहिणार नाही, तुमच्यापैकी कोणी मोठ्यानं वाचलं तर?

चुका पाहाव्या म्हणून आत्ता मी हे सगळं एकदा मोठ्यानं वाचून काढलं, खोट्या नावासकट. त्या हाकेची ओळ तोंडातून निघाली, अन् पलीकडच्या खोलीतून तिनं ओ दिली.

जे नाव तिचं नाहीच, त्याले.